दीपमाळेपलीकडून म्हटलेलं 'व्हय'

"त्या बाईला जरा बाजूला घ्या हो. फोटोत येतेय."

ती बाई म्हणजे मी. डोक्यावर भरलेला तांब्याचा हंडा, कमरेवर कळशी, वर वैशाखाचं ऊन. मी बाजूला झाले. बाजूला होणं आमच्या वाडीतल्या पोरीला कुणी शिकवत नाही. ते पायांनाच येतं.

थोरल्या घरी त्या दिवशी मुंबईच्या पेपरचा फोटोग्राफर आला होता. घर डॉक्टर घराण्याचं. कित्येक वर्षं बंद होतं, आता त्याचं स्मारक केलं होतं. नवी कौलं, नवा रंग, दारावर थोरल्या डॉक्टरांचा मोठा फोटो. घराण्याची नातसून नऊवारी नेसून मागच्या अंगणात, आमच्या पाण्याच्या वाटेला लागून उभी होती. ती नऊवारीसुद्धा सकाळी गावातल्या दोघींनी तिला नेसवली होती. फोटोग्राफरने तिला तुळशीपाशी उभी केली, मग उंबऱ्यावर बसवली. त्याच्या मनासारखं काही होईना. मग त्याची नजर माझ्या हंड्यावर आली.

"हंडा मस्त आहे. वहिनी, हा घेऊन एक काढू या?"

वहिनी हसत पुढे आल्या. मी हंडा खाली ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि सोडून दिला.

"अगं बाई, केवढा जड! मी कशी उचलणार हा?"

"मग रिकामा करा ना," फोटोग्राफर म्हणाला.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या गावकर म्हणजे गावचे पहिले मानकरी. देवळात देवासमोर गावाच्या वतीने तेच बोलतात. ते म्हणतील ती पूर्व दिशा. तात्यांनी हंड्याला हात लावला नाही, आमच्या भांड्याला ते लावत नाहीत. नुसती हनुवटी हलवली.

"ओत गो ता पाणी. बघतंस काय?"

मी ओतलं. माझ्या हातांनी. झरीवर अर्धा तास नंबर लावून भरलेलं पाणी. तांबड्या मातीने ते दोन मिनिटांत पिऊन टाकलं. नातसुनेने रिकामा हंडा कमरेवर घेतला, मान तिरकी केली, फोटो निघाला. तात्यांना तिचा विटाळ झाला नाही, तिला माझा झाला नाही. मुंबईच्या हातांना विटाळ लागत नसावा.

"थँक यू हं," ती म्हणाली आणि हंडा जमिनीवर ठेवला.

मी परत झरीकडे वळले तर तात्यांनी मागून सांगितलं, "आजचा भर. उद्यापासून ही वाट बंद. सड्यावरसून जावा."

माझी जात विचारू नका. आम्ही कुठे उभे राहायचो ते पुढे सांगणार आहे, त्यावरून कळेल. गावाचं नावही मी इथे लिहीत नाही. ते नाव डॉक्टर घराण्याने आडनावात लावलं, आणि इतकं लावलं की आमच्यासाठी उरलंच नाही. कुठेही गावाचं नाव सांगा, समोरचा म्हणतो, "म्हणजे ते मोठे सर्जन, त्यांचं गाव ना?" हो, त्यांचं. आमचं नव्हेच.

थोरले डॉक्टर इथे जन्मले. दहाव्या वर्षी मुंबईला गेले, विलायतेला गेले, मोठे झाले. त्यांचे मुलगे डॉक्टर, नातू डॉक्टर. मुंबईत त्यांचं इस्पितळ. पण त्या डॉक्टरांच्या गावात डॉक्टर नव्हता. साधी पट्टी बांधायला नर्स नव्हती. रत्नागिरीतून आमचा जिल्हा वेगळा काढला त्याला तीन वर्षं झाली होती, तरी ताप चढलेलं पोर पाठीवर घेऊन सात मैल चालावं लागे. पण याची लाज कुणाला नव्हती. अभिमान मात्र केवढा! एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला आमचे लोक तिकीट काढायच्या आधी सांगत, "डॉक्टर आमच्या गावचे."

माझे बाबाही त्यातलेच. एकदा पोटात दुखतं म्हणून बाबा मुंबईला त्यांच्या इस्पितळात गेले. बरोबर कुळथाच्या पिठाची पिशवी, सोलं, दोन फणस. दारावरच्या माणसाने विचारलं, "कोण तुम्ही?" बाबांनी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "गाववाले रोज दहा येतात. फणस तिकडे ठेवा आणि रांगेत बसा." बाबा संध्याकाळपर्यंत बसले आणि तसेच माघारी आले. गावात आल्यावर काय सांगितलं? "फणस आवाडलो तेंका." मी तेव्हा सातवीत होते. मला सगळं खरं वाटलं.

फोटो आठवड्याने पेपरात आला. खाली लिहिलं होतं, 'गावच्या मातीत रमलेली नातसून'. फोटोच्या कडेला माझ्या साडीचा थोडासा काठ आला आहे. बाबांनी तो कागद कापून भिंतीला चिकटवला आणि येईल त्याला दाखवू लागले. "आपलो हंडो पेपरात इलो!"

मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही. तेव्हा अजून मी ओरडणाऱ्यातली नव्हते.

आता वाटेचं सांगते. आमची वाडी गावाच्या शेवटी, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी नव्हतं. आमची झर वेगळी, थोरल्या घराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला. वाडीतून निघायचं, थोरल्या घराच्या मागच्या पाणंदीने जायचं, पाव तासात झरीवर. आमच्या आज्या, पणज्या त्याच वाटेने गेल्या. त्या पाणंदीतले धोंडे आमच्या पायांनी गुळगुळीत झाले आहेत. आता स्मारकाला जांभ्या चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत घातली होती आणि पाणंद भिंतीच्या आत गेली होती. दोन्ही टोकांना मजुरांसाठी मोकळी जागा ठेवली होती, तिथून आम्ही ये-जा करत होतो. फोटोच्या दुसऱ्या दिवशी ती दोन्ही टोकं चिरे लावून बंद केली. राहिली सड्यावरची वाट. उघड्या कातळावरून वळसा, एक चढ, एक उतार. जायला पाऊण तास, यायला तास. डोक्यावर हंडा घेऊन.

वाडीतल्या आम्ही सातजणी तात्यांच्या अंगणाबाहेर जाऊन उभ्या राहिलो. आई पुढे झाली.

"तात्यानू, वाट बंद केल्यात तर आमी पाणी खयसून हाडूचा?"

तात्या झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "ता आता माझ्या हातात नाय. देवासमोर ठरलला आसा."

"कधी ठरला?"

"जत्रेच्या गाऱ्हाण्यात. तुमची वाडी होती थय. तुमीच म्हटलात व्हय म्हाराजा. आता देवाक दिलेलो शब्द फिरवतल्यात?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कारण म्हटलं होतं. आम्ही खरंच म्हटलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. तात्या नारळ हातात घेऊन देवाला सांगतात, 'बा देवा म्हाराजा, आज ही सगळी रयत तुझ्या पायाकडे जमली आसा...' आणि मग एकेक गोष्ट मागतात. पाऊसपाणी, गुरंढोरं, पोरंबाळं. प्रत्येक मागण्यानंतर थांबतात, आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं आणि गावाने ज्याला व्हय म्हटलं, ते ठरलं. त्यावर कोर्ट नाही, कचेरी नाही.

आणि आम्ही कुठे उभे असतो? दीपमाळेच्या पलीकडे. मंडपात मानकरी, पायऱ्यांवर कुळंबी, अंगणात बाकीचे, आणि दीपमाळेच्या मागे, फणसाखाली, आम्ही. तिथून तात्यांचा शब्द ऐकू येत नाही. नुसता आवाज येतो, वर जातो, खाली येतो, थांबतो. थांबला की पुढचे म्हणतात व्हय म्हाराजा, आणि आम्हीही म्हणतो. लहानपणापासून. आईच्या कडेवर असल्यापासून. काय मागितलं, कुणासाठी मागितलं, कधी विचारलं नाही. आवाज थांबला की आपण व्हय म्हणायचं, इतकंच.

नंतर गावातल्याच एकाने सांगितलं, तात्या त्या जत्रेत काय बोलले होते ते. "थोरल्या घराच्या वास्तूक कुंपाण पडतला, मागची पाणंद तेंच्या आवारात जातली, तेका ह्या सगळ्या रयतेची राजीखुशी आसा रे म्हाराजा."

आणि मी म्हटलं होतं व्हय म्हाराजा. माझा आवाज वाडीत सगळ्यात मोठा. जत्रेत तर मी मुद्दाम ओरडते, पुढच्या लोकांना कळावं आम्हीही आहोत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी वाट मी बंद केली, आणि तीही देवाला हाक मारून.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तात्यांचा राग नंतर आला. आधी स्वतःचा आला. सातवी शिकलेली मी, वाडीत बालवाडी घेणारी. पोरांना शिकवते, 'समजलं का? समजलं नाही तर विचारा.' आणि स्वतः? ज्यांनी आम्हाला ऐकू येणार नाही इतक्या लांब उभं केलं, त्यांनीच येऊन सांगायचं की तुम्ही होकार दिलात. आणि आम्ही खाली मान घालून घरी यायचं. यात चूक कुणाची, हे कळायला मला वयाची तेवीस वर्षं लागली.

पावसात सड्यावर शेवाळ धरतं. श्रावणात आई कातळावरून घसरली. हंडा खाली गडगडत गेला, आई मनगटावर पडली. बाहेरगावच्या हाडवैद्याने पाला बांधला. हात बरा झाला, पण वाकडा. सगळा गाव सांगतो की थोरले डॉक्टर तुटलेलं हाड असं बसवत की तुटलं होतं हे कळत नसे. असेल. आमच्या घरात तरी तसं काही झालं नाही.

मी अर्ज लिहिला. बालवाडीच्या वहीचा कागद फाडून, चांगल्या अक्षरात. तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने वाचला, फाईल काढली.

"गावाचा ठराव आहे. वाट बंद करायला हरकत नाही, असा."

"आमच्या वाडीची सही आहे त्यावर?"

"सही नाही. पण 'सर्वानुमते' लिहिलंय." त्याने तो शब्द मला बोटाने दाखवला. "तुम्ही गावातल्याच ना? मग सर्वांत तुम्ही आलात."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला पाणीही विचारलं. पण मला त्या शब्दाचा असा संताप आला की तो कागद फाडावासा वाटला. सर्वानुमते! आम्हाला सर्वांत धरतात ते तेवढ्यापुरतं. पंगतीला धरत नाहीत, विहिरीवर धरत नाहीत, होकाराला बरोबर धरतात.

अर्जाची बातमी माझ्या आधी गावात पोचली. तात्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, "तुझ्या चेडवाक आवर." बाबांनी मला सांगितलं, "गप रव गो. आमका तेंच्याच गावात ऱ्हवाचा आसा." आठ दिवस आम्ही एका घरात राहून एकमेकांशी बोललो नाही.

कार्तिकात जत्रा आली. त्या वर्षी डॉक्टर घराण्यातला धाकटा नातू मुंबईहून आला होता, पांढरा झब्बा घालून मंडपात बसला होता. सकाळचं गाऱ्हाणं सुरू झालं. वाडी नेहमीप्रमाणे दीपमाळेमागे. मी आईला म्हटलं, "मी पुढे जातंय." आईने वाकड्या हाताने माझा पदर धरला. मग सोडला.

मी दीपमाळ ओलांडली. अंगणातली माणसं आपोआप बाजूला झाली. मला वाट देत नव्हती, माझा स्पर्श चुकवत होती. त्यानेही माझं काम झालं. मी मंडपाच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा मला गाऱ्हाण्यातले शब्द ऐकू आले. खरं सांगते, सुंदर बोलतात तात्या. देवाशी घरच्या माणसासारखं बोलतात. आंब्याला मोहर मागितला, मी व्हय म्हाराजा म्हटलं. दर्यावर गेलेल्यांना सुखरूप आण, म्हटलं. आजाऱ्याला उठव, मनापासून म्हटलं.

मग तात्यांचा आवाज चढला. "डॉक्टर घराण्यान गावाचा नाव सात समुद्रापलीकडे नेल्यान. तेंच्या वास्तूक बरकत दी. आणि गेल्या वर्सा ह्या रयतेन राजीखुशीन जी वाट दिली, ती तशीच कायम ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

माझ्या अर्जाचं उत्तर होतं ते. पक्कं करून घेत होते.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"नाय म्हाराजा."

माझा आवाज मोठा आहे, सांगितलंच. ढोल थांबला. तात्या वळले.

"कोण ता?"

"मी. खालच्या वाडीतली."

"तू हय कशी इलंस?"

"आयकाक इलंय. थयसून आयकाक येणा नाय. गेल्या वर्सा न आयकता व्हय म्हटलंय. यंदा आयकलंय. नाय म्हाराजा."

मी शूर वगैरे अजिबात नव्हते, फक्त तिथून हलायचं नाही एवढंच ठरवलं होतं. धाकट्या डॉक्टरने शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही साहेब. डोक्यावर परिणाम झालाय जरा."

डॉक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं. "मुंबईला पाठवून द्या एकदा. बघू."

त्या घराण्याने आमच्या वाडीला दिलेला हा पहिला वैद्यकीय सल्ला.

दोन बायकांनी काठीने मला पायरीवरून खाली लोटलं. हाताने नाही, काठीने. पायऱ्या धुतल्या. गाऱ्हाणं मोडलं म्हणून जत्राभर कुजबुज. वाडी मला म्हणाली, तुझ्यामुळे देव कोपला तर? शेजारच्या गावातून मला स्थळ आलं होतं, ते लोक परत फिरकले नाहीत. आणि तात्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी मोजक्या मानकऱ्यांना बोलावून पुन्हा गाऱ्हाणं घातलं. आमच्या वाडीला बोलावणंच नव्हतं. आमच्या व्हयवाचून ते पुरं झालं.

मला वाटलं होतं माझ्या एका 'नाय'ने भिंत हलेल. कसली हलते! तेव्हा मला खरं काय ते कळलं. आमचा होकार त्यांना कधी नकोच होता. आम्ही बोलत नाही, एवढंच हवं होतं. ऐकू न येणाऱ्या जागी उभं करून ओरडायला लावलं की माणसाला वाटतं आपण बोललो. पिढ्यान् पिढ्या आम्हाला असं वाटत आलं.

मी या भिंतीचं एवढं काय घेऊन बसले, असं मला गावातली शिकलेली माणसं विचारतात. म्हणतात, नळयोजना येणार आहे, कशाला वैर? डॉक्टर मोठी माणसं, उद्या दवाखाना काढतील. काढतील तेव्हा काढतील. मी सध्या सड्यावरून पाणी आणते आहे.

या गोष्टीला वर्ष होत आलं. भिंत आहे तिथे आहे. स्मारक बघायला शाळांच्या सहली येतात. मास्तर पोरांना सांगतात, थोरले डॉक्टर याच मातीतले. पोरं मोठ्याने विचारतात, पाणी कुठे प्यायचं? गडी सांगतो, आवारातच झरीचं पाणी नळाने आणलंय.

बालवाडीत मी एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. मी मुद्दाम पुटपुटते आणि विचारते, "कळलं?" जे पोर हो म्हणतं त्याला मी विचारते, काय कळलं ते सांग. पहिले काही दिवस सगळी रडकुंडीला आली. आता शेवटच्या पाटावरचं पोरसुद्धा उठून उभं राहतं आणि म्हणतं, "बाई, आयकाक येवक नाय."

परवा जत्रेचं आवतण आलं. वाडीला पुन्हा बोलावलं आहे, दीपमाळेमागे, नेहमीच्या जागी. या वर्षी डॉक्टर घराण्याचा सत्कार आहे. तात्यांनी निरोप पाठवला, मुलीला घरात ठेवा. बाबा माझ्यासमोर येऊन बसले. बऱ्याच दिवसांनी बसले.

"जाव नको गो. देव रागावतलो."

"रागावांदे, बाबा. आजपावत तो आमच्याशी तात्यांच्या तोंडान बोललो. एकदा तरी माझ्याशी थेट बोलांदे."

आई चुलीपाशी होती. तिने विचारलं, "कितव्या पायरीर रवतलंस?" मी सांगितलं, तिसऱ्या. ती म्हणाली, मग मी दुसऱ्या पायरीवर राहते, मला तेवढं चढवत नाही.

जत्रा येत्या सोमवारी आहे. आम्ही दोघी जाणार. काठीने लोटलं तर पुन्हा चढणार. यंदा वाट मिळणार नाही, मला माहीत आहे. पुढच्या वर्षीही कदाचित नाही. पण यापुढे या गावात काहीही 'सर्वानुमते' होणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही.